लाल न्हाई ना? काढ मंग

मराठीतले निम्मे शब्द चुकीचे आहेत, हे मला कॉम्प्युटरनं शिकवलं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होते तोवर पडदा गप्प असायचा, काहीही बडवा. मग दस्तांची नोंदणी ऑनलाइन झाली, युनिकोडशिवाय चालेना, आणि युनिकोड टाकल्याच्या पहिल्याच दिवशी माझ्यासमोरचं वाटणीपत्र अंगावर गोवर उठल्यासारखं लाल झालं. ‘पोटखराबा’खाली लाल रेघ. ‘चतुःसीमा’खाली लाल रेघ. ‘हक्कसोड’, ‘मौजे’, ‘तबदील’, सगळे लाल. ‘दुय्यम निबंधक’मधला निबंधकही लाल, म्हणजे ज्या साहेबापुढं दस्त नोंदवायचा तो साहेबच मुळात चूक. तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या रेघा आठवल्या की हसू येत नाही, कारण त्या मी एकेक करून पुसल्या आणि त्यापायी एका बाईची विहीर गेली.

आमचं दुकान नोंदणी ऑफिससमोरच्या पत्र्याच्या ओळीतलं तिसरं. मी वारंगा फाट्याहून रोज जीपनं यायचे. बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा पास, तोंडानं फटकळ. मालक परवाना असलेले दस्तलेखक, सत्तरी ओलांडलेले. सगळा बाजार त्यांना मुनशीजी म्हणायचा. त्यांच्या वडलांनी निजामाच्या अमलात उर्दूतून दस्त लिहिले होते. मुनशीजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात पाहू.

दस्त छापायच्या आधी वाचून दाखवायचा, हा त्यांचा नेम. प्रत्येक दस्ताच्या शेवटी ‘वाचून दाखविला, समजून घेतला, मान्य व कबूल आहे’ असं लिहिलेलंच असतं. बहुतेक जण ते नुसतं लिहितात, मुनशीजी खरंच वाचायचे. आणि चतुःसीमा आली, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना काय काय आहे तो मजकूर आला, की दोन्ही पार्ट्यांना उठवायचे. उगवतीकडं तोंड करा म्हणायचे. उगवतीला आमचं लोखंडी कपाट, त्यामुळं धोतरातले म्हातारे, पदर सावरणाऱ्या बाया, सगळे कपाटाकडं तोंड करून उभे. मुनशीजी वाचणार ‘पूर्वेस नाला’, आणि ज्याची जमीन त्यानं समोर हात करून म्हणायचं, व्हय, नाला. ‘दक्षिणेस गाडरस्ता’, की उजवा हात वर. कुणाचा हात अडखळला की मुनशीजी कागद खाली ठेवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला त्याचा भयंकर वैताग यायचा. एका दस्ताला पाऊण तास! लोक काय कवायत करायला आलेत का, असं मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे.

लाल रेघा आल्या तेव्हा सुरुवातीला त्यांचं वाचन उलट वाढलं. त्यांच्या डोळ्यांना अक्षर नीट दिसायचं नाही, लाल तेवढं दिसायचं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे, पडद्यावर बोट ठेवून विचारायचे, हे लाल काहून? मी तो शब्द वाचून दाखवायचे. मग त्याच्या आधीचा वाच, पुढचा वाच, असं करत करत अख्खं पान वाचून व्हायचं. शब्द एकही चुकलेला नसायचा. पण दोनदा तरी त्या नादात गट नंबर चुकलेला सापडला. मला मात्र दिसायची ती फक्त बाहेर ताटकळणारी रांग.

एका दुपारी चिडून मी माउसचं उजवं बटण दाबलं आणि ‘शब्दकोशात जोडा’वर क्लिक केलं. ‘पोटखराबा’खालची रेघ गेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण मराठी शब्द एकटा कधी येत नाही. खाली ‘पोटखराब्यासह’ लाल होताच, त्याच्या खाली ‘पोटखराब्याचे’ लाल. प्रत्येक रूप मशीनला वेगळं शिकवावं लागायचं. मग कळलं की ही शिकवलेल्या शब्दांची यादी म्हणजे एक साधी फाइल असते, एका ओळीत एक शब्द, आणि ती उघडून हातानंही भरता येते. मग काय, मला नादच लागला. जुने दस्त काढून त्यातले शब्द भरले, तालुक्यातल्या गावांची नावं भरली, आडनावं भरली, सगळ्यांना ‘ला’, ‘चा’, ‘लगत’, ‘पैकी’ लावून लावून भरलं. चारेक महिन्यांत माझा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. ओळीतल्या बाकी दुकानांतले टायपिस्ट पेन ड्राइव्ह घेऊन यायला लागले, ताई, तुमची फाइल द्या. मी त्यांच्याकडून आधी चहा उकळायचे आणि मग द्यायचे. फार मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मुनशीजींना मी सांगून टाकलं, आता मशीन सगळं पाहते, चूक असली की लाल दाखवते, तुम्ही डोळ्यांना तकलीफ देऊ नका. हे माझे शब्द. त्यांनी ते खरे मानले. आधी त्यांची खुर्ची माझ्या शेजारून हलली, मग वाचन दोन ओळींवर आलं, मग उगवतीकडं तोंड करणंही सुटलं. लगीनसराईच्या गर्दीत ते दारात पार्ट्यांशी बोलत बसायचे आणि तिथूनच विचारायचे, “लाल न्हाई ना?” मी म्हणायचे, न्हाई. “काढ मंग.” आणि प्रिंटर सुरू व्हायचा. मशीनला शब्द कळतात, जमीन कळत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यात शिरली नाही.

ती मावशी आली ती हळद शिजवायच्या दिवसांत. बोटं पिवळी, साडीला धुराचा वास. आमच्याच समाजाची, तिच्या गावच्या विहारात माझ्या मामाचं येणंजाणं होतं, ते कळल्यावर ती माझ्या टेबलाला चिकटूनच बसली. नवरा वारून दोन वर्षं झालेली. सोबत धाकटा दीर, पांढरा शर्ट, हळू आवाज, तोंडात सारखं वहिनी, वहिनी. दोघा भावांच्या सामाईक शेताचं वाटणीपत्र करायचं होतं. उगवतीचा अर्धा, नाल्याकडचा, विहिरीसकट, मावशीला. मावळतीचा अर्धा दिराला. मावळतीकडं नुसता मुरूम, बोअर घेतलं तेही कोरडं गेलेलं.

“ही विहीर आमी नवरा-बायकोनंच खंदली, बाई,” मावशी मला म्हणाली. “त्यो खाली, मी वर. तीन उन्हाळे. पानी लागलं तवा त्यो खालून वरडला, अन् मी टोपलं तसंच टाकून खाली पाहत बसले.” दीर बाजूलाच होता. विहीर वहिनीचीच, त्यात वाद न्हाई, असं तोही म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

त्याच दिवशी सकाळी मी दुसऱ्या एका घरचं वाटणीपत्र केलं होतं. आमच्या धंद्यात कोरं पान कुणी उघडत नाही. मागची फाइल उघडायची, नव्या नावानं सेव्ह करायची, नावं बदलायची. सकाळच्या फाइलीत पहिला तक्ता मावळतीच्या हिश्श्याचा होता, दुसरा उगवतीचा. मी त्याच ओघात मावशीच्या शेताच्या चतुःसीमा भरल्या, मावळतीची पहिल्या तक्त्यात, उगवतीची दुसऱ्यात, विहिरीसकट. मग नावं घातली. नावं घालताना आमच्याकडं थोरल्या घरचं नाव आधी, हा रिवाज. पहिल्या तक्त्यावर मावशीचं नाव बसलं, दुसऱ्यावर दिराचं. झालं. पडद्यावर एक रेघ नव्हती.

मुनशीजींनी दारातून विचारलं, लाल न्हाई ना. मी न्हाई म्हटलं. रस्ता ओलांडून ते तिघं ऑफिसात गेले, फोटो झाले, अंगठे झाले. मावशी परत येऊन मला सांगून गेली, झालं बाई, आता निवांत.

दहाएक दिवसांनी नमुना म्हणून मी तीच फाइल उघडली. पहिल्या तक्त्यावरचं नाव वाचलं, खालची चतुःसीमा वाचली: मावशीच्या नावाखाली मावळतीचा मुरूम, आणि विहीर दिराच्या नावाखाली. पुन्हा वाचलं. दुकानात ऊन रखरखत होतं आणि मला अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती. मावशीला कळलं नव्हतं. दिराला कळलं होतं का? त्याची प्रत त्याच्या घरात होती आणि त्याला वाचता येत होतं.

मी मुनशीजींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आधी दस्ताची तारीख विचारली. मग म्हणाले, तलाठ्याकडं फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलायची, नोटीस लागेल, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कुणी पाहिलं तर येतील, आपण दुरुस्तीपत्र करून देऊ. आणि नाही पाहिलं तर, मी विचारलं. लोक वहिवाटीनं चालतात, कागदानं न्हाई, असं म्हणाले. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगून येते. तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लक्षात आहे.

“तुला जायचं आसंल तं जा. मी अडवत न्हाई. फकस्त परवाना माहा हाय, एवढं ध्यानात ठिव.”

मी गेले नाही. भित्री होते, दुसरा शब्द नाही. नोकरी गेली तर घरी काय सांगू, मुनशीजींच्या म्हातारपणी त्यांचं दुकान आपल्यापायी बंद पडलं तर, असं मनात घोळवत बसायचे. म्हातारा माणूस आपली ढाल केली मी. एक दिवस मात्र डोकं फिरलं आणि मी ती शब्दांची यादी पुसून टाकली, अख्खी. पडदा पुन्हा लालेलाल. मुनशीजी पुन्हा खुर्ची ओढून लाल शब्द विचारत बसले, आणि त्या दिवशी तीनच दस्त झाले आणि दोन पार्ट्या शेजारच्या दुकानात गेल्या. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टायपिस्टकडून माझीच फाइल परत घेतली आणि मशीनमध्ये टाकली.

नोटिशीचे दिवस मी मनात मोजत होते. नवव्या की दहाव्या दिवशी मावशी दुकानात आली आणि मला वाटलं, सुटले. तिला काहीच माहीत नव्हतं. वसमतला हळद घालून परत जाताना उतरली होती. माझ्यासाठी घरच्या हळदीची पुडी आणली होती, किलोभर तरी असेल. तू चांगलं काम केलंस, म्हणाली. मी ती पुडी घेतली. दोन्ही हातांनी घेतली. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर मावशी, जेवलीस का? ती गेल्यावर मी कपाटामागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा टायपिंगला बसले.

पंधरा दिवस संपले. फेरफार मंजूर झाला. त्यानंतर चारच दिवसांनी दीर मोजणीवाला घेऊन विहिरीवर उभा राहिला.

मावशी कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली. मुनशीजींनी तिला पाणी दिलं, बसवलं, कागद डोळ्यांशी नेऊन पाहिल्यासारखं केलं. मग चूक-दुरुस्तीपत्र होईल म्हणाले, पण त्यावर दोघांची सही लागते, दिराला घेऊन या. दीर आला नाही. त्यानं नकारही दिला नाही, हे जास्त भ्या वाटण्यासारखं होतं. मावशी विचारायला गेली की म्हणायचा, वहिनी, तुमची विहीर कुठं पळून चालली? पाहू की निवांत. आणि तोवर त्यानं विहिरीवर स्वतःची मोटर बसवली, तिची काढून बांधावर ठेवली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. ती नुसती हिशेब लागत नसल्यासारखी माझ्याकडं पाहत होती.

मग तिनं हिंगोलीला वकील गाठला. वकिलानं सांगितलं, दावा लावता येईल, पण दस्त टाइप करणाऱ्यानं शपथेवर सांगायला पाहिजे की बोलणं असं झालं होतं आणि चूक टायपिंगची आहे. ते मिळालं तर केस उभी राहते. ती तेवढ्यासाठी आली. मुनशीजी समोर होते. तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं, असं ते तिला म्हणाले, आणि म्हणताना कपाटाकडं पाहत होते. मग ती माझ्याकडं वळली.

“बाई, तुला तं याद आसंल. मी तुला विहिरीचं सांगितलं व्हतं.”

मी म्हणाले, “मावशी, दिवसाला इतके दस्त होतात. याद नाही राहत.”

तिनं मान हलवली. उठताना गुडघ्यावर हात टेकवला, पिशवी घेतली आणि गेली. हे वाक्य मी आयुष्यात बोलले आहे, आणि मला हातपाय तोडून टाकावेसे वाटतात ते त्या चुकीच्या तक्त्यासाठी नाही, या वाक्यासाठी.

मे महिना आला. हळदीचं बेणं लावायचे दिवस. पाण्याशिवाय ते जमिनीत घालून उपयोग नाही. त्या महिन्यात एका सकाळी मावशी आणि दीर एकत्र दुकानात आले. मला वाटलं दुरुस्तीपत्र. मी तर फाइल उघडायला घेतली. दीर हळू आवाजात म्हणाला, दुरुस्ती न्हाई, संमतीपत्र करायचं. त्याची अट अशी की वहिनीला आठवड्यातून दोन पाळ्या पाणी द्यायला तो तयार आहे, फक्त तसं लिहून पाहिजे. विहीर त्याच्या मालकीची असून तीवर आपला कोणताही हक्क नाही, हे वहिनीला मान्य आहे, असं त्या कागदावर यायला पाहिजे. त्यानं मजकूर पाठ करून आणला होता.

हे काय चाललंय ते मला बराबर कळत होतं. असं लिहून दिलं की मग कोणता वकील आणि कसला दावा. उघडं दार होतं ते एवढंच, आणि ते मी माझ्या हातानं लावत होते. मावशी टेबलापाशी उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही. मी टाइप करत गेले. ‘विहीर’, ‘मालकीची’, ‘हक्क’, ‘संमती’. सगळे शब्द मशीनला येत होते. माझ्या मनात येत होतं, आता बोल, आता थांब, हे वाक्य संपलं की बोल. वाक्य संपायचं आणि पुढचं सुरू व्हायचं. मुनशीजींनी त्या दिवशी दारातून काहीच विचारलं नाही. मी काढलं.

मावशीनं अंगठा दिला. दिरानं सही केली, कागद घडी करून खिशात घातला आणि तो रिक्षा पाहायला बाहेर गेला. मावशी अंगठ्याची शाई पुसत होती, आणि तेव्हा माझं तोंड उघडलं.

“मावशी, मला सगळं याद होतं. चूक माझी होती. विहीर तुझीच लिहायची होती.”

ती पुसायची थांबली. मला वाटलं शिव्या देईल, मारेल. मारायला पाहिजे होतं तिनं.

“मला ठाव व्हतं,” ती म्हणाली. “वकील म्हणला व्हता, दावा लवकर लावा. मीच म्हणले, ती पोरगी आपली हाय, बोलंल. म्हणून थांबले व्हते.”

बाहेरून दिरानं वहिनी म्हणून हाक मारली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, जाते बाई, आज पाण्याची पहिली पाळी माझी आहे, वेळ गेली तर तो मोटर बंद करील.